यल्लय्या मास्तरांचा बिनमिठाचा लॉट

आमच्या शेजारचे यल्लय्या मास्तर चटणी उन्हात चाखायला लावतात. सावलीत चाखलेली त्यांना चालत नाही आणि ट्यूबलाइटखाली चाखलेली तर अजिबात नाही. सोलापूरच्या एप्रिलमध्ये, भर दुपारी बाराला, ते तुम्हाला दाराबाहेर उभं करणार, तुमच्या तळहातावर चिमूटभर शेंगाचटणी ठेवणार आणि कपाळावर हात आडवा धरून तुमच्या तोंडाकडे बघत राहणार. खाली फरशी तापलेली असते, डोक्यावर पदर, नॅपकिन, वर्तमानपत्र, जे सापडेल ते असतं, आणि मास्तर शांतपणे विचारतात, "बोला टीचर. लॉट पास का फेल?"

मास्तर म्हटल्यावर कुणी शाळा-बिळा डोळ्यांपुढे आणू नये. शाळेत मी आहे. नववी-दहावीला गणित शिकवते, म्हणून ते मला टीचर म्हणतात. ते स्वतः रंगमास्तर. टॉवेल-चादरींच्या कारखान्यात, रंगखात्यात त्यांनी चाळीस वर्षं काढली. कुठल्या तरी लांबच्या गिऱ्हाइकानं, म्हणजे यांच्या भाषेत पार्टीनं, नखाएवढी चिंधी पाठवायची आणि मास्तरांनी ढीगभर सूत नेमक्या त्याच रंगात बुडवून काढायचं, असं ते काम. सॅम्पल निघालं की ते घेऊन मास्तर आधी उन्हात जायचे, कारण ट्यूबखाली जुळलेला रंग बाहेर आला की दुसराच निघतो. पार्टी ‘पास’ म्हणाली की लॉट पुढे जायचा. ‘फेल’ म्हणाली की मास्तरांचं त्या दिवशीचं जेवण राहायचं.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण मास्तरांच्या लेखी जगातली प्रत्येक गोष्ट अजून एक तर सॅम्पल असते, नाही तर लॉट. माझ्या भाचीसाठी एक स्थळ आलं होतं. मुलगा आमच्या घरी चहा पिऊन गेला. मास्तरांनी त्याला कुंपणावरून बघितलं होतं. मला म्हणाले, "पोरगा बरा वाटालाय टीचर. पर उन्हात बघितला का?"

तर अशा माणसाच्या हातात चटणी कशी आली, ते सांगते.

अनसूयाक्का म्हणजे मास्तरांच्या पत्नी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरातल्या. घरात तेलुगू, दारात मराठी आणि राग आला की दोन्ही एकदम. त्यांच्या हाताला जी चव होती ती आमच्या गल्लीत कुणाच्याच हाताला नव्हती. माझ्या तर नव्हतीच. माझ्या भाजीबद्दल माझा नवरा सुहास "पोट भरतं" एवढंच म्हणतो. आणि अक्का मिठाला कंजूष नव्हत्या. लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या, शेंगाचटणी. ताटात डावीकडे एवढी गर्दी की भाताला उजवीकडे सरकून बसावं लागायचं.

गेल्या दिवाळीनंतर अक्कांचे पाय सुजले. चप्पल चढेना. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. मीठ जवळजवळ बंद करा, तेल हात राखून घाला, पण जेवण मात्र पोटभर हवं, नाही तर औषधं अंगी लागणार नाहीत. अक्कांनी घरी येऊन बिनमिठाचं वरण बोटावर घेतलं, जिभेला लावलं आणि ताट सरकवलं. "हे मला न्हाई. हे गुराला."

त्या विषयावरचा तो त्यांचा शेवटचा शब्द. त्या भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत, चोरून लोणचंही खाल्लं नाही. नुसतं जेवण सोडलं. दोन वेळेला दोन घास, तेही गोळ्या गिळायच्या म्हणून. दोन महिन्यांत हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, असंच चाललं तर पुढच्या वेळी या चालत येणार नाहीत.

मास्तर दवाखान्यातून आले ते आमच्या ओट्यावर बसले. मग म्हणाले, "पार्टीला माल पसंत न्हाई टीचर. आता त्यात पार्टीची काय चूक? माल सुधरायला पायजे की." आणि वयाच्या पासष्टाव्या वर्षी हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरला. गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरतं हे त्यांनी मला कुंपणावरून ओरडून विचारलं होतं.

पहिला उपाय त्यांनी कारखान्यातला केला. शेड, म्हणजे रंगाची छटा, हळूहळू उतरवायची. म्हणजे रोज एक-एक चिमूट मीठ कमी करत जायचं, पार्टीला पत्ता लागू द्यायचा नाही. तिसऱ्या दिवशी अक्का घास तोंडात धरून म्हणाल्या, "मास्तर, मला फसवालाव?" बरोबर तिसऱ्या दिवशी. वर्षभर मी वर्गात उतरती श्रेणी शिकवते, माझ्या पोरांना ती वार्षिक परीक्षेलाही ओळखू येत नाही.

मग मात्र मास्तरांनी रीतसर खातं उघडलं. खिडकीच्या फळीवर छोट्या बाटल्या, प्रत्येकीवर चिकटवलेली चिठ्ठी. ‘शेंगा ७. लसूण डबल. चिंच दीड. मीठ शून्य.’ एक वही, तीत तारखेनिशी सगळी नोंद. माझ्या नववी ‘ब’मध्ये इतकी स्वच्छ वही एकाचीही नाही. आणि या सगळ्यामागे एक शास्त्र होतं, ते त्यांनी मला हातात उलथनं घेऊन समजावलं.

"हे बगा टीचर, सुताला रंग नुसत्या रंगानं चढत न्हाई. मीठ लागतंय. पोत्यानं मीठ वतलंय मी भट्टीत. मीठ न्हाई टाकलं तर रंग पाण्यातच ऱ्हातो, सूत आपलं पांढरं ते पांढरं. तसंच हे. तिखट हाय, लसूण हाय, शेंगा हायत, पर जिबंला चढवणारं कोण न्हाई. ते हुडकायचंय."

ते हुडकण्यासाठी अख्खी गल्ली कामाला लागली. कारखान्याचा नियम असा की सॅम्पल ज्यानं काढलं त्यानं ते पास करायचं नाही, दुसऱ्यानं करायचं. त्यामुळे मास्तर स्वतः चाखत नसत. आम्ही चाखायचो. आधी चूळ भरायची, मग उन्हात यायचं. "छान आहे" म्हटलं तर चालायचं नाही. "छान हे काय रंगाचं नाव हाय का?" ते विचारायचे. नंबर चारमध्ये संत्र्याची साल होती, ती खाऊन समोरच्या काकू आठवडाभर घराला कडी घालून बसल्या. नंबर नऊमध्ये त्यांनी भाजलेला ओवा असा काही घातला की संध्याकाळपर्यंत गल्लीतली सगळी पोटं लख्ख झाली. नंबर अकरा म्हणजे सुंठ, मिरी आणि मेथीदाणा. ती चाखून सुहास दिवसभर गप्प होता, तेवढा तिचा मला फायदा झाला.

सुहासचं नाव निघालंच आहे तर तेही सांगून टाकते. त्याला साखर आहे. म्हणजे त्याच्या रक्तात आहे. डब्यातली मी लपवून ठेवते. त्याच्या हातात उन्हाळाभर ती रंगीत गॅसवाली बाटली असायची, आणि मी ओरडले की "घोटभर तर आहे" म्हणायचा. मास्तरांनी त्याला जोडकाम म्हणून घेतलं. घट्ट दह्याचं पातळ ताक, त्यात आलं ठेचून, जिरं काळपट होईस्तोवर भाजून, कढीपत्ता हातानं चुरडून, हिरवी मिरची नुसती दाखवल्यासारखी, आणि सगळं माठावर ओल्या फडक्यात गुंडाळून गार केलेलं. मिठाचा कणही नाही. सुहासनं उन्हात उभं राहून एक पेला घेतला, मग दुसरा घेतला, तिसऱ्याला तो आपल्या पायानं मास्तरांच्या घरात गेला. रंगीत बाटली आमच्या घरातून तिथून हद्दपार झाली. पुढच्या तपासणीत साखर उतरली, तेव्हा सुहासनं त्याचं सगळं श्रेय सकाळच्या फिरण्याला दिलं. हे फिरणं आमच्या दारापासून भज्यांच्या गाड्यापर्यंत असतं.

म्हणजे ताक पास झालं, ज्वारीची भाकरी आम्हा सगळ्यांच्या ताटात परत आली, तेलाची बाटली जास्त दिवस पुरायला लागली. बिनमिठाचं खाऊन भलतीच माणसं सुधारली. ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला होता त्या अक्का तेवढ्या जेवत नव्हत्या. शेंगाचटणीशिवाय त्यांना भाकरी नको होती आणि बिनमिठाची शेंगाचटणी त्यांना चटणी वाटत नव्हती. "शेंगदाण्याचा भुसा," त्या म्हणायच्या आणि भिंतीकडे तोंड करून पडायच्या.

आता माझी गोष्ट. ती सांगताना मला अजून लाज वाटते.

नंबर चौदाच्या दिवशी माझ्या टेबलावर नववीच्या वार्षिक परीक्षेचे ऐंशी पेपर पडले होते. डोकं ठणकत होतं. मास्तरांनी हाक मारली, मी चूळ न भरताच बाहेर गेले, चिमूट तोंडात टाकली आणि जिभेला लागू न देता घोटभर पाण्याबरोबर गिळली. म्हटलं, "पास, मास्तर. एकदम पास."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मग बाटली काखेत धरून त्यांनी मला दोन्ही हात जोडले. मला वाटलं, किती साध्या गोष्टीत सुटले.

त्यांनी त्या दुपारी उखळात अर्धा किलो चटणी कुटली. अक्कांना सांगितलं, "टीचरनी पास केलीया." माझं नाव ऐकून अक्का उठून बसल्या. टीचर खोटं कशाला बोलेल? त्यांनी भाकरी मोडली, चटणीत दाबून मोठा घास घेतला, तो कसाबसा गिळला आणि उठून हात धुतला. पुढचे दोन दिवस त्यांनी चहाशिवाय काही घेतलं नाही.

मला हे कुणी बोललं नाही. फक्त मास्तर बाटली घेऊन येईनासे झाले. सकाळी मी दारात उभी असायचे आणि ते खाली मान घालून माझ्या फाटकावरून पुढे, समोरच्या काकूंकडे जायचे. ज्या काकूंनी कडी घातली होती त्यांच्याकडे. शेवटी सुहासनं काय घडलं ते मास्तरांच्या घरी आतबाहेर करून शोधून काढलं आणि मला सांगितलं. मी ऐंशी पोरांच्या पेपरांत अर्धा-अर्धा मार्क तोलते, आणि एका बाईच्या जेवणाचा निकाल मी पेपर न वाचता लावला होता. रात्रभर मला काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले ती थेट त्यांच्याकडे गेले. मास्तर लसूण सोलत होते. मी म्हटलं, "मास्तर, मी ती चटणी चाखलीच नव्हती."

"ठाव हाय," ते म्हणाले. लसूण सोलणं थांबलं नाही. "फेल म्हणायचं हुतं की टीचर. फेल लॉट परत भट्टीत घालता येतोय. रोजचं हाय ते."

मला इतकं खजील वाटलं की मी उलट त्यांच्यावरच गेले. "पण एकदा स्वतः चाखून बघायची होती ना! तेवढ्यापुरता नियम मोडला असता तर काय झालं असतं?"

आतून, खाटेवरून अक्कांचा आवाज आला. "त्यांना काय कळणार? त्यांची जीब भट्टीत गेली."

मला आधी समजलं नाही. मग मास्तरांनीच, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं, सांगितलं. रंगखात्यातल्या वाफेत आधी त्यांचा वास गेला. मग एकेक करत चवही गेली. पंचवीस वर्षं झाली. "तिखट तेवढं भाजतंय. बाकी सगळं कापूस चावल्यागत."

"पंचवीस वर्षं तुम्ही कापूस जेवताय?"

"न्हाई न्हाई," मास्तर एकदम खुलले. "लई चवीनं जेवलाव की! ही शेजारी बसून सांगाची ना. आज चिंच वर आलीया. आज लसूण करपलाय, पर गोड करपलाय. कारळ हाय, मागनं कडू येतंय बगा. मी ऐकत ऐकत चावाचा. तुमी लोक नुसतं खाताव. मी समजून खाल्लंय."

आतून अक्का म्हणाल्या, "आता माझ्याच तोंडाला काय लागंना. यांना काय सांगू?" आणि खाट करकरली, म्हणजे त्या भिंतीकडे वळल्या असणार.

एका ताटावर दोन माणसं उपाशी होती आणि आम्ही गल्लीभर उन्हात उभं राहून गंमत बघत होतो. पण रडण्यापेक्षा मी तिथंच चूळ भरली आणि म्हटलं, "नंबर पंधरा काढा."

पंधरा मी फेल केली. सोळा फेल केली. सतराला "माती" असा शेरा मारला आणि मास्तरांनी तो समाधानानं वहीत लिहून घेतला. अठराला मी डोळे मिटून नीट विचार केला आणि म्हटलं, "मास्तर, काय होतंय सांगू? शेंगदाणा तोंडात आला की जीभ मिठाची वाटच बघत बसते. ते येत नाही म्हणून रुसते. तुम्ही लसूण घाला नाही तर चिंच घाला, शेंगदाणा आला की हे होणारच."

मास्तरांचा हात वहीवर थांबला. मग त्यांनी कपाळावर एवढ्या जोरात हात मारून घेतला की मी दचकले.

"येडा हाय मी टीचर! सुताला मीठ लागतंय. रेशमाला न्हाई लागत! रेशमाला आंबट लागतंय. पोरगा हुतो तवा साडीच्या काठाचं रेशीम रंगवलंय मी, आंबट टाकून. चार महिने झाले, सुतावरच अडकून बसलाव. आवो, रंग बदलून काय उपेग? कापड बदलायला पायजे!"

कापड म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. अक्कलकोटकडून भाजी घेऊन येणारी निंगव्वा गल्लीत आली तेव्हा मास्तर तिच्या पाटीत डोकं घालून उभे होते. अंबाडी पाहिजे होती. ती तिला पुंडी म्हणते, मास्तरांच्या घरात तिला पुंटीकूर म्हणतात. मास्तरांना वास येत नाही, म्हणून त्यांनी मला बोलावून प्रत्येक जुडीचं एक-एक पान चावायला लावलं. जिनं माझे दात आंबले ती जुडी त्यांनी घेतली. निंगव्वा अर्ध्या कानडीत म्हणाली, "येन री मास्तर, बाईंना शेळी केलाव व्हय?"

रविवार होता. मास्तरांनी तुरीची डाळ मऊ शिजवली, त्यात अंबाडी गळेपर्यंत आटवली, हिरव्या मिरच्या चिरून टाकल्या. एक चमचा तेलात मूठभर लसूण आणि दोन लाल मिरच्या सावकाश तांबूस केल्या आणि ती फोडणी वरून ओतून ताबडतोब झाकण घातलं. मी चूळ भरून उन्हात उभी राहिले. पहिला चमचा घेतला. मग दुसरा घेतला.

"पास का फेल?" मास्तर.

"सांगते. वाटी द्या."

सुहास कुंपणावरून म्हणाला, "मलाही नीट कळण्यासाठी वाटीच लागेल." मास्तर हसले नाहीत. त्यांनी पातेलं फडक्यात धरलं आणि आत गेले. मी त्यांच्या मागोमाग जाऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबले.

अक्कांना त्यांनी धरून पाटावर बसवलं. ताटात गरम भाकरी, तिच्यावर ते आंबट वरण. चटणी नाही, लोणचं नाही. डावी बाजू मोकळी. अक्कांनी आधी त्या मोकळ्या जागेकडे बघितलं, मग मास्तरांकडे. मास्तर दोन्ही हातांत फडकं पिळत उभे होते.

अक्कांनी घास घेतला. चावला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. दुसरा घेतला. मग त्यांनी भाकरीचा कडक पापुद्रा काढला, त्यानं ताटातलं वरण ओढलं आणि तिसरा घेतला. चौथा गिळून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बसा."

मास्तर खाली बसले. अक्कांनी भाकरी मोडली, वरणात बुडवून तो घास त्यांच्या हातावर ठेवला. मास्तरांनी तो तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"थांबा, लगेच गिळू नका," अक्का म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण त्यात जोर होता. "पयलं आंबट. कडंकडंनं येतंय, जिबंच्या दोन्ही बाजूनं. ते असू द्या. आता डाळ. मऊ हाय, जरा गोड. आता मिरची आली, हिरवी. चावा की. आता बगा, सगळ्यात मागनं, हळूच... लसूण आला?"

मास्तर सावकाश चावत होते. मिटलेल्या डोळ्यांच्या कडेला पाणी जमलं होतं.

"आला," ते म्हणाले. "आला की."